चारचौघांत तोंड उघडायची भीती : विद्यार्थ्यांमधील ‘सामाजिक चिंता’ म्हणजे नेमकं काय?

सेमिस्टरमध्ये प्रेझेंटेशनचा दिवस आला की वर्गातली काही मुलं हमखास आजारी पडतात. कुणाचं पोट बिघडतं, कुणाचं डोकं दुखतं, कुणाच्या घरी अचानक पाहुणे येतात. शिक्षकांना वाटतं, टाळाटाळ आहे. घरच्यांना वाटतं, अभ्यास झाला नसेल. प्रत्यक्षात बऱ्याचदा अभ्यास पूर्ण झालेला असतो, पीपीटी पेन ड्राइव्हमध्ये तयार असते, आणि तरीही तो विद्यार्थी वर्गाच्या दारातून मागे फिरतो. दहा मार्क गेले तरी चालतील, पण पन्नास जणांसमोर उभं राहायला नको, असा हिशेब त्याने मनाशी केलेला असतो.

या त्रासाला मानसशास्त्रात सामाजिक चिंता म्हणतात. आपल्याकडे अशा मुलाला बुजरा, लाजाळू, घुम्या, मुखदुर्बळ अशी नावं मिळतात आणि विषय तिथेच संपतो. पण लाजाळूपणा आणि सामाजिक चिंता या दोन गोष्टी एक नाहीत. लाजाळू माणूस नव्या ठिकाणी सुरुवातीला गप्प बसतो, ओळख झाली की मोकळा होतो. सामाजिक चिंतेचा रुग्ण मात्र त्या ठिकाणी जाण्याच्या आठवडाभर आधीपासून घाबरलेला असतो आणि परत आल्यावर आणखी चार दिवस ‘मी असं का बोललो’ हे उगाळत बसतो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदान-पुस्तिकेत हा विकार १९८० साली ‘सोशल फोबिया’ या नावाने पहिल्यांदा स्वतंत्रपणे नोंदला गेला. आता त्याला ‘सोशल अँग्झायटी डिसऑर्डर’ म्हणतात. निदानासाठी काही गोष्टी पाहिल्या जातात. लोक आपल्याकडे बघतील, आपल्याला जोखतील अशा प्रसंगांची तीव्र भीती हवी. तो प्रसंग टाळला जातो किंवा कसाबसा रेटून नेला जातो. हे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकलेलं असावं. त्यामुळे शिक्षण, काम किंवा नातेसंबंध यांचं खरंच नुकसान होत असावं. आणि ही भीती प्रत्यक्ष धोक्याच्या आणि त्या माणसाच्या सामाजिक परिस्थितीच्या मानाने जास्त असावी. या शेवटच्या अटीकडे आपण पुढे परत येऊ, कारण आपल्या मुलांच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे.

भीती फक्त भाषणाची नसते. हजेरीच्या वेळी ‘यस सर’ म्हणण्याआधी ज्याचं काळीज धडधडतं, जो कँटीनमध्ये सगळ्यांसमोर खाऊ शकत नाही, अनोळखी नंबर उचलत नाही, ऑफिसच्या खिडकीवर बोनाफाइड मागायला मित्राला पुढे करतो, उशीर झाला तर वर्गात शिरण्याऐवजी सरळ घरी निघून जातो, तो हाच त्रास भोगत असू शकतो. शरीरही साथ देत नाही. चेहरा लाल होतो, हात थरथरतात, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते, आवाज कापतो. मग ‘हे सगळ्यांना दिसतंय’ ही आणखी एक भीती त्यावर चढते.

हे चक्र चालतं कसं

१९९५ साली डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक मांडणी केली. आजची बरीचशी उपचारपद्धती त्यावर उभी आहे. त्यांचं म्हणणं असं की अशा प्रसंगात माणसाचं लक्ष समोरच्यांवरून उडतं आणि स्वतःवर येऊन चिकटतं. समोर वीस जण नीट ऐकत असतात, पण बोलणाऱ्याला ते दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो स्वतःचा घामेजलेला, अडखळणारा, हास्यास्पद चेहरा, जो त्याने आतल्या आत कल्पनेने रंगवलेला असतो. छातीत धडधडतंय म्हणजे मी मूर्ख दिसतोय, असा निष्कर्ष तो आतल्या जाणिवेवरून काढतो. समोरच्याने काय पाहिलं याचा त्यात काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बचावाच्या सवयी. हात थरथरताना दिसू नयेत म्हणून ते खिशात घालणं, शेवटच्या बाकावर बसणं, प्रत्येक वाक्य मनात तीन वेळा घोकून मगच बोलणं, मोबाइलमध्ये काहीतरी बघत असल्याचं नाटक करणं. या सवयींनी वेळ निभावते, पण नुकसान दुहेरी होतं. एक तर माणसाला वाटतं की ‘मी हात खिशात ठेवले म्हणून वाचलो’, त्यामुळे भीती खोटी होती हे कधी कळतच नाही. दुसरं, घोकून बोलणारा आणि नजर चुकवणारा माणूस समोरच्याला तुटक किंवा आखडू वाटतो. मग लोक लांब राहतात, आणि ‘मी कुणाला आवडत नाही’ हा समज पक्का होतो.

लोक आपल्याकडे खरंच किती बघतात? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी याचा एक मजेदार प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? त्यांचा अंदाज होता, जवळपास निम्म्या लोकांनी. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं होतं. आणि ही सर्वसाधारण मुलं होती, चिंतेचे रुग्ण नव्हते.

कॉलेजमध्येच का उफाळतं?

खरं तर कॉलेजमध्ये हे सुरू होत नाही, उघडं पडतं. डीएसएमनुसार अमेरिकेतल्या सुमारे ७५ टक्के रुग्णांमध्ये सुरुवात ८ ते १५ या वयात झालेली असते. म्हणजे सहावी-सातवीतच. पण शाळेत सगळं ओळखीचं असतं. तोच मोहल्ला, तेच शिक्षक, लेखी परीक्षा. हुशार आणि गप्प मुलाचं शाळेत कौतुकच होतं. विद्यापीठात आल्यावर मात्र तोंडी परीक्षा, सेमिनार, ग्रुप डिस्कशन, इंटर्नशिपची मुलाखत, हॉस्टेलची मेस, प्रोजेक्टसाठी अनोळखी लोकांना भेटणं, हे सगळं एकदम अंगावर येतं. शाळेत ज्या गुणासाठी शाबासकी मिळाली, त्याच गुणासाठी इथे मार्क कापले जातात.

मालेगाव, भिवंडी किंवा मुंब्र्याच्या उर्दू शाळेतून, किंवा बीड-परभणीच्या मराठी शाळेतून येणाऱ्या मुलाच्या बाबतीत यात भाषेची भर पडते. बारावीपर्यंत ज्याने गणित उर्दूत किंवा मराठीत विचार करून सोडवलं, त्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी इंग्रजीत शंका विचारायची असते. इथे एक गल्लत टाळायला हवी. परकी भाषा वर्गात बोलण्याची भीती ही एक वेगळी, अभ्यासलेली गोष्ट आहे. एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ सालीच तिच्यासाठी ३३ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली होती. ओळखायची साधी खूण अशी : तो मुलगा आपल्या भाषेत अनोळखी माणसाशी मोकळेपणी बोलतो का? बोलत असेल तर त्याला समुपदेशकापेक्षा इंग्रजी बोलण्याच्या सरावाची गरज आहे. आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांतही, दावतीत पंगतीला बसतानाही त्याला घाम फुटत असेल, तर प्रश्न भाषेचा नाही. काहींच्या बाबतीत दोन्ही असतं, आणि मग एकाच्या आड दुसरं लपतं.

आता त्या शेवटच्या अटीकडे येऊ. भीती परिस्थितीच्या मानाने जास्त असली तरच तो विकार. उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम विद्यार्थी ५ टक्क्यांहूनही कमी होते, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के आहे. याचा साधा अर्थ असा की अनेक वर्गांत आपला विद्यार्थी एकटा किंवा दोघांतला एक असतो. नाव उच्चारलं की माना वळतात. हिजाब किंवा दाढी असेल तर नाव उच्चारायचीही गरज पडत नाही. टीव्हीवर काही घडलं की दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारलं जातं, ‘तुमच्यात काय म्हणतात याबद्दल?’ एकोणीस वर्षांच्या पोराने अख्ख्या समाजाचा प्रवक्ता व्हायचं, ही अपेक्षाच मुळात जाचक आहे. अशा ठिकाणी तो तोलूनमापून बोलत असेल, तर त्याला लगेच ‘डिसऑर्डर’चा शिक्का मारू नये.

आणि वर्गात खरोखरच टोमणे मारले जात असतील, वाळीत टाकलं जात असेल, तर तो आजार नाहीच. ती रॅगिंगची तक्रार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली आणि धर्म, जात, वंश, रंग, लिंग अशा कारणांवरून होणारा शारीरिक-मानसिक छळ, त्यात एकटं पाडणंही आलं, रॅगिंगच्या व्याख्येत घेतलं गेलं. त्यासाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. छळ होणाऱ्या मुलाला ‘आत्मविश्वास वाढव’ असा सल्ला देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं झालं. मात्र, आणि हेही तितकंच खरं, छळ थांबल्यावरही भीती मागे उरू शकते. मग तिच्यावर उपचार लागतात.

हया आणि भीती

आपल्या घरांमध्ये हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : ‘आमची मुलगी हयावाली आहे, उगाच कुणाशी बोलत नाही.’ हया हा गुण आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हयेत निवड असते. एखादी विद्यार्थिनी वर्गातल्या मुलांशी कामापुरतंच बोलायचं असं स्वतः ठरवते, आणि त्याच वेळी मैत्रिणींत हसते-खेळते, मॅडमना शंका विचारते, प्रॅक्टिकलमध्ये बिनधास्त उत्तर देते. तिला काहीही झालेलं नाही. दुसरी विद्यार्थिनी लायब्ररीतल्या बाईंना पुस्तक मागू शकत नाही, मैत्रिणीच्या निकाहला जायची इच्छा असूनही आजाराचं कारण सांगते, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडते. तिला हवं ते करता येत नाहीये. बाहेरून दोघी सारख्याच गप्प दिसतात. फरक घरच्यांनी ओळखायचा असतो, कारण दुसरीचं गप्प राहणं कौतुकाच्या नावाखाली वर्षानुवर्षं झाकलं जातं. मुलांचं उलट होतं. ‘मर्द होऊन काय घाबरतोस’ हे ऐकून ऐकून ते सांगणंच बंद करतात.

‘ईमान कमजोर आहे’, ‘नजर लागली आहे’ हीही उत्तरं मिळतात. दुआ आणि नमाजने मनाला आधार मिळतो, तो जरूर घ्यावा, पण म्हणून डॉक्टर टाळायचं कारण नाही. इस्लामी परंपरा या बाबतीत आपल्यापेक्षा बरीच पुढे होती. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथात शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्यावर स्वतंत्र भाग लिहिला. राग, दुःख, भीती आणि वसवसा असे मनाचे त्रास त्यांनी वेगवेगळे मांडले आणि भीतीवर उपाय म्हणून ज्या गोष्टीची धास्ती वाटते तिची मनाला हळूहळू सवय लावण्याचा मार्ग सुचवला. या भागाचा मलिक बद्री यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ साली प्रसिद्ध झाला. आणि कुरआनच्या सूरह ताहामध्ये हजरत मूसा अलैहिस्सलाम यांनी फिरऔनसमोर जाण्याआधी छाती मोकळी व्हावी, जिभेची गाठ सुटावी अशी दुआ मागितली आणि सोबतीला भाऊ हारून अलैहिस्सलाम यांनाही मागितलं, हे आपल्याकडे लहान पोरांनाही पाठ असतं. बोलण्याच्या ओझ्यासाठी मदत मागणं हे ईमानच्या कमजोरीचं लक्षण कसं म्हणायचं?

उपचार : काय चालतं, काय नाही

हा विकार बरा होण्यासारखा आहे. आपोआप मात्र क्वचितच जातो. सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी खास सामाजिक चिंतेसाठी बनवलेली वैयक्तिक सीबीटी पहिली पसंती म्हणून सांगितली आहे. साधारण चौदा-पंधरा सत्रं, चारेक महिने. नुसत्या गप्पा नसतात. विद्यार्थ्याला भीतीच्या प्रसंगांची एक शिडी बनवायला सांगतात. खालच्या पायरीवर दुकानदाराला किंमत विचारणं, मग मित्राच्या मित्राला फोन करणं, मग वर्गानंतर शिक्षकांना एक शंका विचारणं, मग वर्गातच विचारणं, आणि सर्वांत वर प्रेझेंटेशन. प्रत्येक पायरीवर आधी अंदाज लिहायचा, ‘सगळे हसतील’, आणि नंतर खरं काय झालं तेही लिहायचं. हात खिशातून बाहेर काढून तोच प्रसंग पुन्हा करायचा. कधी व्हिडिओ काढून दाखवतात, आणि बहुतेकांना धक्का बसतो, कारण आत जितका भूकंप होता त्यातलं बाहेर फार थोडं दिसलेलं असतं.

‘एकदाच ढकला पाण्यात, पोहायला शिकेल’ हा आपला आवडता उपाय इथे उलटतो. तयारी नसताना स्टेजवर ढकललेलं मूल पुढची पाच वर्षं स्टेजकडे फिरकत नाही.

औषधंही आहेत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तरुणांमध्ये सुरुवातीच्या काळात मनात टोकाचे विचार येत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावं लागतं. मनाने सुरू करायची नाहीत, मनाने बंद तर अजिबात करायची नाहीत. रमजानमध्ये ही चूक खूप होते. यातली बरीच औषधं दिवसातून एकदाच घ्यायची असतात, त्यामुळे डॉक्टरांना आधी विचारलं तर इफ्तारनंतर किंवा सहरीला वेळ बसवून मिळू शकते. गोळी सोडावी लागत नाही.

मेडिकलवरून मित्राच्या सांगण्यावरून आणलेल्या गोळ्यांबद्दल मात्र सावध राहा. व्हायव्हाच्या आधी प्रोप्रानोलोल घेण्याची टूम कॉलेजांत चालते. या गोळीने धडधड आणि थरथर कमी होते हे खरं, पण दम्याच्या रुग्णाला ती धोकादायक ठरू शकते, आणि मूळ विकारावरचा नेहमीचा उपचार म्हणून ‘नाइस’ ती सुचवत नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते.

मदत कुठे

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलं. वेगवेगळ्या मानसिक विकारांत उपचारच न मिळालेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं समजायला काही कारण नाही.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठी आणि हिंदीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ‘मनोरुग्णालय’ हा शब्द ऐकून घरचे बिचकतात, पण त्यांच्याही ओपीडी असतात, भरती व्हावं लागत नाही. कॉलेजमध्ये समुपदेशक असेल तर उत्तमच.

अडचण अशी की ज्याला फोनचीच भीती वाटते, त्याला आपण हेल्पलाइनचा नंबर देतो. म्हणून पहिल्या फोनला मित्राने किंवा बहिणीने शेजारी बसावं. काय सांगायचं ते कागदावर चार ओळींत लिहून काढावं आणि सरळ वाचून दाखवावं. डॉक्टरांपुढेही कागद ठेवला तर चालतं, ते हसत नाहीत.

‘कळलं तर लग्न कसं जमणार’ ही भीती, विशेषतः मुलींच्या घरात, खरी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टर आणि समुपदेशकांवर बंधनकारक आहे. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. पण कॉलेजने किंवा शेजाऱ्याने विचारलं म्हणून कुणी सांगू शकत नाही.

शिक्षकांच्या हातात बरंच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतलं संभाषण टेपवर नोंदवून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात. थांबण्याचा वेळ तीन सेकंदांवर नेला की जास्त मुलं बोलतात, आणि एरवी न बोलणारीही बोलतात. नाव पुकारून अचानक उभं करणं टाळावं, पण ‘तू राहू दे’ म्हणून कायमची सूटही देऊ नये, कारण त्या सुटीने भीती मुरते. पहिलं प्रेझेंटेशन केबिनमध्ये एकट्या शिक्षकांसमोर, दुसरं चार-पाच जणांच्या गटात आणि तिसरं वर्गात, अशी मुभा विभागप्रमुखांच्या परवानगीने सहज देता येते. विद्यार्थ्याने ती मागायची असेल तर एक छोटा ई-मेल पुरतो : मला गटासमोर बोलताना तीव्र त्रास होतो, मी उपचार सुरू केले आहेत, या सेमिस्टरला मला पहिलं सादरीकरण तुमच्यासमोर एकट्याने करू द्यावं. आजाराचं नाव त्यात लिहिलंच पाहिजे असं नाही.